एक जून

आमच्या शाळेच्या रजिस्टरात
सातवी ब मधली अकरा पोरं
एकाच दिवशी जन्मलीत.
दाखल करायला आलेलं माणूस तारखेशी अडखळलं
की टेबलामागचा हात लिहून मोकळा होतो : एक जून.
मीही त्याच शाईतला.
आई सांगायची, गावात सुकडी वाटत होते
तेव्हा तू पोटात होतास.
सुकडीला तारीख नसते.
मास्तरांनी दिली.

गोवंडीत आम्ही बेसबॉल खेळतो.
येणारेजाणारे कुंपणाशी थांबून विचारतात, स्टंप कुठायत?
फक्कीने आखलेला चौकोन, एका अंगाला कललेला,
होम प्लेट म्हणजे इस्माईलच्या गॅरेजातला टायरचा तुकडा,
अठरा पोरांत नऊ ग्लोव्ह.
इनिंग संपली की उतरवून
समोरच्या हातात द्यायचे, घामासकट.

सम्यक भालेराव कॅचर.
उकिडवा बसतो, बोलत नाही,
मांडीआड दोन बोटं दाखवतो
आणि सेकंड बेसकडे सुटलेल्या पोराला
अर्ध्या वाटेतच कळतं
की चेंडू आपल्या आधी पोचलाय.

चौदा वर्षांखालील जिल्हास्तर.
जन्म एक जानेवारीचा, किंवा त्यानंतरचा.
शाळेचा दाखला चालेल.
जन्म प्रमाणपत्र, असल्यास, जोडावे.

सोमवारी करुणाताई आल्या.
वॉर्ड ऑफिसच्या चार फेऱ्या,
चार अर्ध्या दिवसांची मजुरी कापलेली,
आणि हातात कागद, लॅमिनेट केलेला, अजून कोमट.
"मी म्हणत नव्हते, सर, थंडीतला आहे हा?
राजावाडीला शेजारच्या खाटेवरच्या बाईनं
आपली शाल दिली होती.
ह्याच्या आत्यानं नाव घातलं शाळेत,
तिला कोण विचारणार थंडी की ऊन?"
एकोणतीस डिसेंबर.
मी चहा मागवला.
अभिनंदन म्हणालो बहुतेक.

एकोणतीस, तीस, एकतीस.
तीन दिवसांत पोराचं नखही धड वाढत नाही.
रात्री तो कागद टेबलावर होता,
त्यात ट्यूबलाइट दिसत होती, आणि माझी हनुवटी.
खण उघडा होता.
"असल्यास" हा फार दयाळू शब्द आहे,
कोणी घातला असेल त्या फॉर्मात?
माझ्यासारखाच कोणी असेल,
जो एकतीस मे रोजी नारळ, शाल घेऊन निवृत्त होईल
आणि खरं तर त्याची दोन वर्षं उरलेली असतील
किंवा दोन वर्षं जास्त झालेली असतील.
मला कुणी कधी कागद मागितला नाही.
खण मी दोनदा लावला, दोनदा उघडला.

सकाळी सम्यक सगळ्यांच्या आधी मैदानावर.
पायाचे पॅड बांधत होता.
"आईनं दाखवला कागद. मी बाद ना, सर?"
"बाद नाही रे. मोठा."
हे वाक्य मी रात्रभर घोकलं होतं
आणि तोंडातून निघालं तेव्हा
कुठल्याशा भाषणातलं वाटलं.
त्यानं बांधलेला पॅड सोडला.
मग बराच वेळ टायरच्या तुकड्यावरची माती
बुटाने बाजूला करत राहिला.
"सर, डिसेंबरात शाळा असते ना?"
असते, म्हटलं.
"म्हणजे मला चॉकलेटं वाटता येतील.
जूनमध्ये सुट्टीच असायची."
आणि मास्क रेहानच्या डोक्यावर चढवून म्हणाला,
डावा पट्टा ढिला आहे,
दाताने ओढ, हाताने नाही निघत.

दुपारी फॉर्म भरला. नऊ नावं.
कॅचर : रेहान शेख.
तळाशी छापलेलं होतं,
वरील सर्व जन्मतारखा खऱ्या असल्याचे प्रमाणित करतो.
नवांपैकी चार एक जूनचे.
मी सही केली.